मदत हवी आहे: क्लॅरिनेट + चार तंतुवाद्यं, हौशी मंडळींना झेपेल असं काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यातले पाच हौशी वादक. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि मी क्लॅरिनेटवर. पहिलं व्हायोलिन तयारीचं आहे. दुसरीला तिसऱ्या पोझिशनच्या वर जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. व्हिओलावाले काका मूळचे व्हायोलिनचे, आल्टो क्लेफ (व्हिओलाचं नोटेशन ज्या चिन्हावरून वाचतात ते) वाचताना अजून अडखळतात.

ज्याला विचारावं तो म्हणतो, मोत्सार्टचं क्विंटेट (पाच वाद्यांची रचना) घ्या (रचना क्रमांक के. ५८१, १७८९). पण ते ए क्लॅरिनेटचं आणि माझ्याकडे बी फ्लॅट (ए क्लॅरिनेट याच्यापेक्षा अर्धा सूर खाली वाजतो). बी फ्लॅटवर वाजवायचं तर पाच शार्प (चढे सूर), शिवाय ए क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर माझ्या वाद्यात नाहीच. ब्राम्सचंही (ऑप. ११५) ए क्लॅरिनेटचंच, आणि त्यात एकाची मोजणी चुकली की पाचही जण गटांगळ्या खाणार. वेबर (ऑप. ३४) बी फ्लॅटसाठी आहे खरं, पण रोंडो बघूनच मला घाम फुटला. वर बाकीचे चौघं विचारतात, आम्ही नुसती साथच करायची का?

एखादी मूव्हमेंट (रचनेचा एक भाग) मिळाली तरी चालेल. ऐकणारी घरचीच माणसं आहेत.

प्रतिसाद १

ताई, बेअरमान या संगीतकाराच्या ऑप. २३ मधलं अडाजिओ (संथ मूव्हमेंट) बघा. कित्येक वर्षं ते वॅग्नरच्या नावावर खपत होतं. बी फ्लॅट क्लॅरिनेटला तीनच फ्लॅट (उतरे सूर), लांब श्वासाची छान सुरावट. तंतुवाद्यांचे पार्ट दिसायला सोपे, पण पट्टी डी फ्लॅट मेजर. म्हणजे व्हायोलिनला एकही मोकळी तार वापरता येत नाही. दुसऱ्या व्हायोलिनवाल्या बाईंना आधी तेवढी स्केल घोटायला लावा, नाहीतर बेसूर होईल.

एखादं व्हायोलिन गैरहजर असेल त्या दिवशी क्रुसेल या संगीतकाराचं ऑप. २ काढा. क्लॅरिनेट, व्हायोलिन, व्हिओला, चेलो एवढंच लागतं.

प्रतिसाद २

मी म्हणेन, मोत्सार्ट सोडू नका. ए क्लॅरिनेट उसना मिळवा. बोटं तीच, माउथपीसही बहुतेक वेळा आपलाच चालतो. मिन्युएटपासून (त्यातली तिसरी मूव्हमेंट) सुरू करा. त्यातला पहिला ट्रिओ (मिन्युएटच्या मधला भाग) फक्त तंतुवाद्यांचा आहे, म्हणजे 'नुसती साथ' ही तक्रार तिथेच मिटली. आणि शेवटच्या मूव्हमेंटमधलं तिसरं व्हेरिएशन (मूळ सुरावटीचं बदललेलं रूप) व्हिओलाचं, चांगलं रडवणारं. काकांना आत्तापासून द्या. पार्ट आयएमएसएलपीवर (नोटेशनचं ऑनलाइन ग्रंथालय) फुकट आहेत, फक्त छापण्याआधी पान कुठे उलटायचंय ते तपासा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. अडाजिओ आणि मिन्युएट, दोन्ही छापायला टाकतेय. तिसऱ्या व्हेरिएशनबद्दल काकांपाशी अजून अवाक्षर काढलेलं नाही, आधी क्लेफ बसू दे. पुण्या-मुंबईत कुणी महिनाभर ए क्लॅरिनेट वापरायला देऊ शकत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, भाडं देईन.