स्लीप वाढवून टेस्ट स्थिर होत नाही
विंडोज अ‍ॅपची स्वयंचलित टेस्ट कधी पास तर कधी फेल होते, म्हणून प्रत्येक क्लिकनंतर 5 सेकंदांचा स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) टाका, असं एकानं सुचवलंय. कृपया तसं करू नका. पायविनऑटो या विंडोज अ‍ॅप आपोआप चालवणाऱ्या पायथन लायब्ररीत विंडोवर वेट (वाट पाहण्याची अट) लावता येतो: ती ‘रेडी’ झाली की स्क्रिप्ट लगेच पुढे सरकते, ठरवलेल्या वेळेत झाली नाही तरच एरर येते.

बटण सापडतच नसेल तर आधी बॅकएंड, म्हणजे पायविनऑटो बटणं कोणत्या पद्धतीनं शोधतं ते, बघा. काही न दिल्यास तो विन32 असतो आणि डब्ल्यूपीएफच्या (मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅपच्या विंडो बनवण्याचं तंत्र) विंडोतली बटणं त्याला दिसत नाहीत; तिथे यूआयए हा दुसरा बॅकएंड द्यावा लागतो. माझे दोन दिवस यातच गेले होते.

आणि बटणावरच्या मजकुरावर विसंबू नका, भाषा बदलली की टेस्ट पडते. डेव्हलपरकडून ऑटोमेशन आयडी (कोडमध्ये बटणाला दिलेली, भाषेनुसार न बदलणारी ओळख) मागून घ्या, अगदी हक्कानं.