अनुभव धागा: बुद्ध्यांक मंडळाची किनारपट्टी शाखा आणि न्यूरोडायव्हर्सिटी

रत्नागिरी, बातमीपत्राचं काम

बुद्ध्यांकाची प्रवेशपरीक्षा पार करून सभासद होतात असं आपलं मंडळ. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत विखुरलेले सभासद, भेटी मोजक्या, बाकी सगळा कारभार बातमीपत्रावर. आपल्या शाखेचं स्वरूप हे असं. न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे माणसांच्या मेंदूंची वेगवेगळी घडण. तिच्यातल्या ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण), डिस्लेक्सिया (वाचनाची), डिस्प्रॅक्सिया (हालचाली जुळवण्याची) यांच्यावर पानभर माहिती छापणं सोपं आहे. पण त्याच अंकातली बैठकीची सूचना डिस्लेक्सिया असलेल्या सभासदाला धड वाचता आली नाही, तर ते पान फुकट गेलं. म्हणून हा धागा. स्वतःची कहाणी नको, निदान जाहीर करायचीही गरज नाही. काय करता, किती प्रमाणात, कुठे फसतं आणि का, एवढं लिहा.

माझ्याकडून सुरुवात. सूचनेच्या अगदी वर चारच गोष्टी: वार-तारीख, सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, ठिकाण. ‘१५/६ ला सायंकाळी’ नाही, तर ‘रविवार, १५ जून, दुपारी ४ ते ६’. संपायची वेळ बहुतेक आयोजक गाळतात. ज्याला गर्दीत दोन तासच निभावतं त्याला बैठक किती लांबेल हे कळलं नाही, तर तो येतच नाही. वेळ बदलली तर जुन्याच सूचनेत गुपचूप दुरुस्ती करू नका. नवी सूचना काढा, वर ‘बदल’ असं लिहा आणि जे बदललं तेवढंच सांगा.

अक्षराचं म्हणाल, तर इंग्रजीसाठी सुचवला जाणारा १२ पॉइंट देवनागरीला तोकडा पडतो, कारण वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं. १४ ते १६ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवा. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये खिंडारं पडतात आणि नजर भलत्याच ओळीवर जाते. तिरपा ठसा टाळा. फॉन्ट निवडताना ध, भ आणि थ यांच्या डोक्यावरची शिरोरेघेतली फट बघा. ती बारीक असेल तर ध-घ, भ-म, थ-य यांची सरमिसळ होते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांत ती ठीक दिसते. एक पान छापून हातभर अंतरावर धरायचं. फट दिसली तर पुढे जा.

सगळ्यात मोठा घोळ जुन्या डीटीपीचा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. फोनला तो मोठ्याने वाचायला सांगितला की काहीच्या बाही ऐकू येतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या प्रमाण संकेतांत, बदलून घ्या आणि नंतर रफार आणि ‘किनाऱ्यावर’मधला अर्धा र नजरेखालून घाला, रूपांतरात हमखास तोच मोडतो. व्हॉट्सॲपवर सूचनेचं नुसतं चित्र टाकू नका. चित्र टाकलंत तरी खाली तोच मजकूर टाइप केलेला हवा.

सावंतवाडी, मानसशास्त्रीय चाचण्या

आपल्यासारख्या मंडळात एक समजूत घट्ट बसलेली असते: एवढा बुद्ध्यांक, मग अडचण कसली? ती आधी मोडायला हवी.

१९४६ साली ऑक्सफर्डला मेन्सा ही उच्च बुद्ध्यांकाच्या लोकांची संस्था सुरू झाली, तिचा निकष आजही वरच्या २ टक्क्यांचा आहे. बुद्ध्यांकाच्या चाचण्या वेगवेगळ्या: वेक्सलरच्या मापात ते १३०च्या आसपास, स्टॅनफर्ड-बिनेच्या जुन्या मापात १३२, कॅटेलच्या मापात १४८. आकडे वेगळे, जागा तीच. म्हणून ‘माझा १४८, तुझा १३०’ ही तुलना बातमीपत्रात छापायचीच नाही. दुसरं, रेव्हनसारखी आकृत्यांची चाचणी तर्क मोजते. लक्ष टिकणं, वाचनाचा वेग, हाताने लिहिणं, वेळेचं भान यांतलं काहीही ती मोजत नाही. त्यामुळे प्रवेशपरीक्षा पार केली म्हणजे एडीएचडी नाही किंवा डिस्लेक्सिया नाही, असा अर्थ निघत नाही.

वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीत हे चित्र उघडं पडतं. समजा भाषिक आकलन १४०, तर्क १३५ आणि प्रक्रियेचा वेग ९५. एकूण बुद्ध्यांक काढला की हा शेवटचा आकडा सगळं खाली ओढतो. मूल ‘बरं आहे’ या रकान्यात जातं: हुशारीची सोय मिळत नाही आणि अडचणीचीही नाही. अशा वेळी कार्यस्मृती (माहिती क्षणभर डोक्यात धरून वापरणं) आणि वेग बाजूला ठेवून काढलेला सामान्य क्षमता निर्देशांक मागून घ्या. अहवालात फक्त एकूण आकडा असेल तर उपचाचण्यांचे गुण लेखी मागा. ते तपासणाऱ्याकडे असतातच. बिने-कामत चाचणी मराठीत आहे हा तिचा मोठा फायदा, पण तिच्यात मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय असं गणित येतं, म्हणून तिचा आकडा वेक्सलरच्या शेजारी ठेवून वाचू नये.

मोबाइलवरच्या प्रश्नावल्यांबद्दल. ऑटिझमसाठीच्या एक्यू प्रश्नावलीत ५० प्रश्न असतात आणि ३२ गुण हा उंबरठा. एडीएचडीसाठीच्या एएसआरएस प्रश्नावलीच्या पहिल्या ६ प्रश्नांत ४ खुणा ठळक रकान्यात पडल्या तर पुढे तपासून घ्या. दोन्ही चाळण्या आहेत, निदान नव्हे, आणि बातमीपत्रात त्या छापल्या तर हे वाक्य शीर्षकाच्या लगेच खाली हवं. एडीएचडीच्या निदानाला १२ वर्षांच्या आधीपासूनची लक्षणं आणि किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि कामावर, त्रास दिसावा लागतो. हुशार माणसाच्या बाबतीत नेमकं इथेच फसतं. शाळेत पाठांतराशिवाय गुण मिळत गेलेले असतात, मग ‘लहानपणी काही नव्हतं’ असं पालक सांगतात. गुणपत्रिकेवर विसंबू नका. तिच्यातले शेरे वाचा. ‘वही अपूर्ण’, ‘वर्गात लक्ष नाही’, ‘क्षमता आहे पण’ हा मजकूर पुरावा म्हणून चालतो.

मालवण

ता सगळा खरा, पण लाइट गेल्यार काय करतलास? ऑनलाइन बैठकीचं सांगतो. चर्चेचे प्रश्न दोन दिवस आधी लेखी पाठवा. कॅमेरा बंद ठेवायची मुभा सूचनेतच लिहा, म्हणजे कोणाला कारण द्यावं लागत नाही. पावसात रेंज जाते आणि मध्येच परत आलेल्याला काय चाललंय ते समजत नाही, म्हणून एकाने दर दहा मिनिटांनी चॅटमध्ये एक ओळ टाकायची: विषय कुठे आला, कोण बोलतंय. याचा फायदा रेंज गेलेल्यालाही आणि लक्ष भरकटलेल्यालाही. दोघांत फरक करायची गरजच उरत नाही.

अलिबाग, कागदपत्रं

सभासदांच्या मुलांसाठी सगळ्यात जास्त विचारणा अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण, डिस्लेक्सिया त्यातलाच) दाखल्याची होते, म्हणून जरा सविस्तर.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहेत, एडीएचडी त्या यादीत नाही. म्हणून फक्त एडीएचडीचा कागद घेऊन दाखला मागितला तर परत पाठवतात. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर तपासणी तिची करून घ्या.

केंद्राच्या २०१८च्या सूचनांनुसार क्रम असा. आधी डोळे आणि कान, कारण चष्म्याचा नंबर डिस्लेक्सियासारखा दिसू शकतो. मग बुद्ध्यांक. तो ८५च्या वर आला की पुढे निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचावर वाचन, लेखन, गणित. दाखला वयाच्या ८व्या वर्षापासून मिळतो, १४व्या आणि १८व्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि १८व्या वर्षीचा कायमचा. ऑटिझमसाठी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, ७०च्या खाली गुण असतील तर ऑटिझम धरत नाहीत. मुंबईला जायची तयारी असेल तर सायन, नायर आणि केईएम रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. जायच्या आधी तपासणीचे वार फोनवर विचारून घ्या, नाहीतर पहाटेची गाडी पकडून हात हलवत परत.

सोबत न्यायच्या वस्तूंत सगळ्यात मोलाची म्हणजे मुलाची रोजची वही. घरी पुन्हा सुवाच्य लिहून काढलेली नव्हे. खाडाखोड, गाळलेली जोडाक्षरं, पहिली-दुसरी वेलांटी उलटसुलट, अर्धवट सोडलेला उतारा, तीच वही. पालक लाजेने नेमकी चांगली वही घेऊन जातात.

भाषेचा मुद्दा सोडू नका. मराठी माध्यमाच्या मुलाला फक्त इंग्रजीत तपासलं तर निकालाला अर्थ नाही. सेमी इंग्रजीच्या मुलाला दोन्हीत तपासावं लागतं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची डाली ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे, शाळेत चाळणी म्हणून ती उपयोगी पडते.

परीक्षेतला जादा वेळ केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासामागे किमान २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक घ्यायचा तर मुलाने त्याच्यासोबत आधी निदान तीन-चार सराव पेपर सोडवायला हवेत. तोंडी सांगून लिहून घेणं हे वेगळंच कसब आहे. त्यात विरामचिन्हं आणि आकृतीची नावंही सांगावी लागतात, आणि हुशार मूल इतक्या भरभर सांगतं की लेखनिक मागे पडतो.

चिपळूण, बैठकीची जागा

जागा पाहायला जाताना दुपारी जाऊ नका. बैठक ज्या वेळेला आहे त्या वेळेला जा, आणि जमलं तर पाऊस पडत असताना.

पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात ती जागा बाद. पत्र्यावरच्या आवाजात माणसं ओरडून बोलतात, माइक मोठा होतो, माइक शिट्टी मारतो आणि आवाजाचा त्रास होणारा माणूस पहिल्या वीस मिनिटांत उठतो. स्लॅबची खोली लहान असली तरी बरी. ट्यूबलाइट जुन्या तांब्याच्या चोकच्या असतील तर ५० हर्ट्झच्या विजेवर प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. बहुतेकांना जाणवत नाही, काहींचं डोकं धरतं. फोनच्या स्लो मोशनमध्ये दिवा टिपा: काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बंद. स्वस्त एलईडीही हाच खेळ करतात, त्यामुळे ‘एलईडी आहेत’ या उत्तरावर थांबू नका. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर लाइट गेल्यावर पंखे गुणगुणायला लागतात. त्याचीही एकदा परीक्षा घ्या.

वास. पावसाळ्यात बंद राहिलेल्या हॉलला ओलीचा आणि बुरशीचा वास असतो, तो घालवायला कोणीतरी उदबत्ती किंवा रूम फ्रेशनर मारतो आणि मग दोन्ही वास एकत्र नांदतात. आदल्या दिवशी खिडक्या उघडून पंखे चालू ठेवा, बाकी काही फवारू नका.

शांत खोली ठेवा म्हणून सगळे सांगतात. ती फसते ती अशी: तासाभरात तिथे पिशव्या, छत्र्या आणि जेवणाचे डबे येऊन बसतात. दारावर ‘इथे बोलायचं नाही, सामान ठेवायचं नाही’ एवढं लिहा आणि छत्र्यांसाठी बादली दुसरीकडे, मुख्य दाराशी. खोलीत दोन खुर्च्या, पाणी, मंद दिवा. पुरे.

ओळख करून देण्याची फेरी ऐच्छिक ठेवा. बिल्ले द्यायचे तर तीन रंगांचे: हिरवा म्हणजे या बोलायला, पिवळा म्हणजे ओळखीचे असाल तरच, लाल म्हणजे सध्या नको. लाल-हिरवा न ओळखू येणारे लोक असतात, म्हणून रंगावर अक्षरही छापा.

आणि आग्रह. आपल्याकडे वाढपी ‘घ्या हो, एकच’ म्हणत मोदक ताटात टाकतो. ज्याला ठरावीक पोत जिभेवर सहनच होत नाही, त्याची यात पंचाईत होते. पदार्थांची यादी आदल्या दिवशी सूचनेत द्या, ताट ज्याचं त्याने वाढून घ्यावं. सोलकढी वेगळ्या भांड्यात ठेवली, भातावर ओतली नाही, तर अर्धे प्रश्न मिटतात.

वेंगुर्ला, बातम्यांची चाळणी

बातमीपत्रात ‘संशोधन म्हणतं’ सदर असेल तर चार प्रश्न विचारल्याशिवाय बातमी घ्यायची नाही: माणसांवर की उंदरांवर, किती जणांवर, तुलनेला दुसरा गट होता का, आणि निदानाची व्याख्या मध्ये बदलली का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मानसिक निदानांची अमेरिकन पुस्तिका डीएसएम-५ हिने २०१३ मध्ये ॲस्पर्जर या निदानाची वेगळी चौकट काढून ऑटिझमच्या वर्णपटात घातली. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून ‘साथ आली’ म्हणणं चूक आहे. लस आणि ऑटिझमचा संबंध लावणारा १९९८चा निबंध लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला, तरी तो फॉरवर्ड दर पावसाळ्यात नव्याने उगवतो. असल्या फॉरवर्डला बातमीपत्रात खंडनासाठीही जागा देऊ नये, कारण लोक शीर्षकच वाचतात.

‘आइन्स्टाइनला डिस्लेक्सिया होता’ छापाच्या याद्या बंद. मेलेल्या माणसाचं निदान करता येत नाही, आणि त्या यादीने सामान्य सभासदावर उगाच थोर होण्याचं ओझं येतं. २ एप्रिलच्या, म्हणजे जागतिक ऑटिझम दिनाच्या, अंकात जिगसॉ कोड्याचा तुकडा चित्र म्हणून वापरू नका. अनेक ऑटिस्टिक प्रौढांना तो आवडत नाही. रंगीत अनंत चिन्ह चालतं. मेन्सा संस्था म्हणून मत मांडत नाही, ही पद्धत इथेही उचलावी: मत ज्याचं त्याच्या नावावर, माहिती वेगळ्या चौकटीत. त्या चौकटीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कायम असू द्या.

गुहागर

वरच्या सगळ्याला दुजोरा. एकच पुरवणी, प्रश्नमंजुषेची. आपल्या भेटींत ती असतेच आणि बझरमुळे ती वेगाची स्पर्धा होते. प्रश्न मोठ्याने वाचा आणि पडद्यावरही दाखवा, उत्तर चिठ्ठीवर, प्रश्नाला ९० सेकंद, शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. गट चार-चार जणांचे आणि आधी जाहीर केलेले. ‘आपापले गट करा’ म्हटलं की दोनजण कायम भिंतीशी उभे राहतात. बझर हवाच असेल तर शेवटच्या फेरीत, आणि भोंग्याऐवजी दिव्याचा.