वेबसाइटने अडवायचं नाही, गेमने मात्र अडवायचंच?

रेघोटी (धागाकर्ती)

मी डिझाइनची विद्यार्थिनी. वेबसाइटच्या बाबतीत आम्हाला एकच गोष्ट उलटसुलट करून शिकवली जाते: वापरणारा कुठेही अडखळता कामा नये. बटण दिसलं पाहिजे, दिसताक्षणी कळलं पाहिजे आणि अंगठ्याच्या टप्प्यात असलं पाहिजे. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका ते गाठायला वेळ कमी, हा पॉल फिट्सचा १९५४ सालचा नियम तर झोपेतही म्हणून दाखवू. क्रिटमध्ये, म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर काम तपासताना, 'इथे युजर थांबतोय' असं कुणी म्हटलं की ते पान बाद.

आता 'इको' हा २००१ सालचा गेम घ्या. करणारा फुमितो उएदा कला शिकलेला माणूस. एक मुलगा एका मुलीला किल्ल्यातून बाहेर काढतोय, एवढीच गोष्ट. तिचा हात धरायचा तर एक बटण दाबून धरायचं. सोडलं की हात सुटला. आमच्या एखाद्या शिक्षकांनी हे तपासलं असतं तर पहिला शेरा पडला असता: 'बोट दुखेल, एकदा दाबलं की चालू राहू दे.' तेवढा बदल केला की गेम मेला. कारण आपण तिला सोडलं नाही हे डोळ्यांना नव्हे, बोटाला कळत असतं.

दुसरं उदाहरण 'पेपर्स, प्लीज', २०१३. तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून. टेबल मुद्दाम अपुरं. पासपोर्ट, परवाना, नियमांची वही सगळं एकमेकांवर चढतं, आणि पगार मात्र किती माणसं निपटवलीत त्यावर. तपासणीचा शॉर्टकट हवा असेल तर तोही त्याच पगारातून विकत घ्यायचा, घरी कुटुंबाला अन्न आणि ऊब कमी पडत असताना. समोरच्या माणसाची कहाणी ऐकायचा कंटाळा येऊ लागतो. तो कंटाळा म्हणजेच तो गेम.

म्हणून माझं मत असं, की गेममधली कला चित्रांत किंवा संगीतात शोधणं ही चुकीची जागा आहे. हाताला काय करू दिलं आणि काय करू दिलं नाही, तिथे ती असते. आणि वेबसाइटचा कच्चा माल तोच आहे: पडदा, बटण, थांबणं, चुकणं. सुरुवातीच्या काळात लोकांनी तो तसा वापरलाही. ओलिया लियालिनाने १९९६ मध्ये केलेल्या कलाकृतीत युद्धावरून परतलेला प्रियकर आणि त्याची वाट पाहणारी मुलगी बोलत असतात. क्लिक केलं की चौकट दुभंगते, पुन्हा क्लिक केलं की तिचेही तुकडे होतात, आणि एकेक तुकडा रिकामा पडत जातो. 'जोडी' या दुकलीचं १९९५ चं पान उघडलं तर नुसता हिरवा कचरा दिसतो. सोर्स कोड (पानामागची मूळ लिखावट) बघितला तर त्यात विरामचिन्हांनी काढलेली हायड्रोजन बाँबची आकृती. वेबपानं जिच्यात लिहितात ती एचटीएमएल मोकळ्या जागा आणि ओळी गिळून टाकते, म्हणून पडद्यावर तिचा चुराडा होतो.

आज असं पान मी सबमिट केलं तर नापास होईन. हे बरोबर आहे का?

खालची_ओळ

बरोबर आहे. नापासच करायला हवं.

दहाएक वर्षं लोकांच्या वेबसाइट करतोय, त्यामुळे थोडं कडक वाटलं तर सोडून द्या. गेम माणूस स्वतः निवडतो. रिकामा वेळ काढून, आवडीने, हरायची तयारी ठेवून. वेबसाइट बहुतेक वेळा त्याच्या गळ्यात पडलेली असते. अर्ज भरायचाय, तारीख संपतेय. मुलाला ताप आहे आणि औषधाचं प्रमाण बघायचंय. अशा माणसाला 'थांबण्याचा अनुभव' देणं ही कला नाही, उर्मटपणा आहे.

जोडीचं पान स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून बघा. न दिसणाऱ्या माणसाला तिथे काय मिळतं? अर्थहीन चिन्हांची यादी. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ हवा, हा सुगम्यतेचा नियम कुणाच्या सौंदर्यदृष्टीवर राग म्हणून आलेला नाही. फिकट राखाडी अक्षरं वाचता न आलेल्या लोकांमुळे आलाय.

आणि सौंदर्यासाठी अडवावं लागतं हेही खोटं. २००३ चं 'सीएसएस झेन गार्डन' आठवतंय का कुणाला? एचटीएमएल सगळ्यांना एकच, त्यातलं अक्षरही बदलायचं नाही, फक्त स्टाइलशीट (रंग, अक्षरं, मांडणी ठरवणारी फाइल) आपली. जगभरच्या लोकांनी त्यातून शेकडो रूपं काढली, आणि मजकूर प्रत्येकात वाचता येत होता. मी तर वेबचं काम तिथेच शिकलो.

रेघोटी

झेन गार्डन मला आवडतं, पण तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून नाही. तिथे मजकूर काय आहे याने काहीच फरक पडत नव्हता, तसा नियमच होता. लियालिनाच्या पानात चौकटी काढून घ्या आणि संवाद सरळ खाली लिहा: काही उरत नाही.

औषधाच्या पानाबद्दल मात्र वाद नाही. मी सगळ्या वेबसाइट अडवणाऱ्या करा असं कुठे म्हणतेय? प्रत्येक वेबसाइट औषधाचं पान असल्यासारखी शिकवली जाते, ही तक्रार आहे.

कोरा_कॅनव्हास

दोघंही एक गोष्ट गृहीत धरून भांडताय: गेम कला आहे. मी चित्रकार आहे, मला हे मान्य नाही.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ मध्ये चौदा गेम संग्रहात घेतले तेव्हा केवढा गाजावाजा झाला. पॅकमॅन, टेट्रिस, सिमसिटी. पण घेतले कुठल्या विभागात? वास्तुकला आणि डिझाइन. खुर्च्या आणि दिवे जिथे ठेवतात तिथे. 'गार्डियन'च्या जोनाथन जोन्स या समीक्षकाला तेही खपलं नाही. त्याचा मुद्दा असा, की कलाकृती ही एका माणसाची जगण्यावरची प्रतिक्रिया असते, आणि गेममध्ये असा मालक कुणीच नसतो. खेळणारा आणि करणारा यांच्यामध्ये ती कुठेतरी लटकत राहते. रॉजर ईबर्ट या चित्रपट समीक्षकाने २०१० मध्ये याहून साधं सांगितलं होतं: गेम जिंकता येतो. (त्याच वर्षी त्याने 'न खेळता बोलायला नको होतं' असंही लिहिलं, पण मुद्दा त्यामुळे पडत नाही.)

ज्याला जिंकायचंय त्याचं लक्ष पुढच्या दारावर असतं. चित्रासमोर उभं राहिलं की पुढे दार नसतं, तीच चित्राची ताकद. तुमच्या त्या हात धरण्याच्या बटणाचं कौतुक करतानाही तुम्ही म्हणताय, 'बाहेर काढतोय'. म्हणजे शेवटी काम उरकणंच.

रेघोटी

'जिंकता येतो' यावर एकच उदाहरण. 'ब्रदर्स' (२०१३) खेळायचा असेल तर पुढचं वाचू नका, शेवट सांगतेय.

दोन भाऊ, एकाच कंट्रोलरवर. डावा हात मोठ्याचा, उजवा धाकट्याचा. आई बुडाली म्हणून धाकटा पाण्याला घाबरतो. वाटेत पाणी आलं की तो मोठ्याच्या पाठीवर, आणि आपण मोठ्याचं बटण दाबायचं. शेवटाकडे मोठा मरतो. डावा हात रिकामा पडतो. मग पुन्हा पाणी येतं. धाकटा काठावर अडून बसतो, त्याचं बटण कितीही दाबा. आणि कधीतरी आपण मेलेल्या भावाचं बटण दाबतो, आणि तो पाण्यात उतरतो.

हे सिनेमात करता येत नाही, चित्रात तर नाहीच. आणि तुम्ही मालक विचारताय म्हणून: योसेफ फारेस, मूळचा सिनेमा दिग्दर्शक. तिथे जिंकल्यासारखं काही वाटत नाही, पुढचं दार समोर असूनसुद्धा.

पिक्सेलपुशा

गेम बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे फटके.

रेघोटी, तुम्ही अडवणं बघताय कारण तेवढंच दिसावं अशी आमची सोय असते. आमचा निम्म्याहून जास्त वेळ अडथळे काढण्यातच जातो. उडी मारायच्या गेममध्ये खेळाडू कड्यावरून पुढे गेला, पायाखाली काही नाही, तरी क्षणाच्या अंशभर आम्ही त्याला उडी मारू देतो. याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. कुणाच्या लक्षातही येत नाही. नसेल तर मात्र सगळे म्हणतात, 'कंट्रोल बंडल आहेत.' 'जर्नी' (२०१२) मध्ये अनोळखी खेळाडू वाळवंटात भेटतात, नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. आधीच्या आवृत्तीत एकमेकांना ढकलता यायचं. मदतीसाठी ठेवलं होतं, लोक एकमेकांना खड्ड्यात लोटायला लागले. मग ती टक्करच काढून टाकली. तिथली माणुसकी एक गोष्ट काढून घेतल्याने आलीय.

आता कॅनव्हाससाहेब. 'मालक कोण' हा प्रश्न मला आवडतो, पण उत्तर तुम्हाला आवडणार नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) मध्ये शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने अंगावर येतात. छाती धडधडते. हे तोमोहिरो निशिकादोने आधी ठरवलेलं नव्हतं. कमी शत्रू काढायचे म्हणून यंत्राचा भार हलका व्हायचा आणि ते आपोआप पळायला लागायचे. त्याने ते पाहिलं आणि दुरुस्त केलं नाही. 'सायलेंट हिल' (१९९९) मधलं धुकंही असंच, कन्सोलला लांबचं शहर रंगवायला जमत नव्हतं म्हणून. ओल्या कागदावर जलरंग पसरला आणि तुम्ही तो पुसला नाही, तर ते चित्र कागदाचं म्हणाल का?

आणि धागाकर्तीला सगळ्यात अडचणीचा प्रश्न. अडवणं हीच कला असेल, तर 'तुमची ऊर्जा संपली, चार तास थांबा किंवा पैसे भरा' ही आजवरची सगळ्यात लोकप्रिय कलाकृती मानायची का? मोबाइल गेममध्ये थांबणं आम्ही विकतो. तिथली अडवणूक कलावंत नाही, आकडे बघणारा माणूस ठरवतो. मी त्या खोलीत बसलोय.

खालची_ओळ

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. वेबवर तेच चालतं. नोंदणी एका क्लिकमध्ये, आणि सोडून जायचं म्हटलं की सहा पानं. हॅरी ब्रिग्नलने २०१० मध्ये याला 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं, तेव्हा माझ्यासारख्यांना निदान मीटिंगमध्ये बोट ठेवायला शब्द मिळाला. अडथळा हे हत्यार आहे. विद्यार्थ्यांच्या हातात कला म्हणून देण्याआधी जरा जपून.

चांगला अडथळाही असतो, तो तुम्ही कुणी मोजलाच नाहीत. प्रकल्प कायमचा पुसायच्या आधी त्याचं पूर्ण नाव टाइप करायला लावतात. त्या चार सेकंदांत किती लोकांची कामं वाचली असतील.

रेघोटी

ऊर्जा संपल्याचा प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर: पैसे भरले की तो अडथळा नाहीसा होतो आणि गेमचं काहीच बिघडत नाही. उलट बरा चालतो. 'पेपर्स, प्लीज'चं टेबल मोठं केलं तर गेम उरत नाही. काढून बघायचं, आणि काय कोसळतं ते पाहायचं. माझ्यापुरती ही कसोटी पुरेशी आहे.

जुना_मॉनिटर

तुम्ही काढून बघायचं म्हणताय, इथे काळच काढून घेतोय. ३१ डिसेंबर २०२० ला ब्राउझरमध्ये हे सगळं चालवणारं फ्लॅश बंद झालं, जानेवारीत प्लेअरने चालायचंच नाकारलं. एका पिढीचे गेम, अ‍ॅनिमेशन आणि चित्रविचित्र वेबसाइट एका झटक्यात काळ्या चौकोनात गेल्या. रफल नावाचा इम्युलेटर (जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालवून दाखवणारा प्रोग्राम) लोकांनी स्वेच्छेने लिहिला म्हणून काही पुन्हा हलतंय. लोकांची घरगुती वेबपानं जिथे असायची ते जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, तेव्हा उत्साही मंडळींनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं. लियालिनाची ती चौकटींची रचनाही एचटीएमएल ५ ने कालबाह्य ठरवलीय. ब्राउझर अजून चालवून घेतात, ही त्यांची मेहेरबानी.

शिवाय तेव्हा ते पान मोडेमवर थांबत थांबत उतरायचं. आज क्षणात येतं. मग रेघोटीताई, तुम्ही पाहिलीत ती तीच कलाकृती का?

कोरा_कॅनव्हास

हा प्रश्न मला जास्त रस देणारा आहे. पिक्सेलपुशांचा जलरंगाचा मुद्दा बरा आहे, पण माझ्या चित्राला बघणारा लागतो, करणारा नाही. तुमच्या गेमला बोट लागतं. मग खेळाडू हा वादक झाला आणि गेम ही बंदिश. बंदिश श्रेष्ठ असेल, पण मैफल कुणाची? आणि श्रोता कोण? खोलीत एकटाच वाजवणारा आणि एकटाच ऐकणारा माणूस बसलाय. याला कला म्हणायला माझी जीभ वळत नाही. रियाज म्हणेन.

रेघोटी

रियाज म्हणा, चालेल. मैफलीपेक्षा रियाजात जास्त वेळ जातोच की.

जुना_मॉनिटर, नाही, ती तीच नव्हती. मी वेग मुद्दाम कमी करून परत पाहिली. चौकट रिकामी आहे की अजून उतरतेय हे कळत नव्हतं, आणि संवाद निराळाच वाचला गेला.

यातूनच मी सत्राचा प्रकल्प करतेय. एक लांब पत्र, पण वर स्क्रोल करता येत नाही. वाचलेलं गेलं. पत्रातला माणूस विसरत चाललाय, म्हणून.

खालची_ओळ

म्हणजे स्क्रोल मोडलात. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस ओळ निसटली की मागे जातो, रोजचीच सवय आहे ती. वाचायला जड जाणारेही तेच करतात. तुमच्या पत्रात ते पहिल्याच परिच्छेदात बाहेर पडतील, आणि तुमची कसोटी लावली तर तुम्ही म्हणाल, 'काढलं तर कोसळतं.'

रेघोटी

हो, तेच म्हणेन. परत जाण्याची सोय दिली तर ते साधं पत्र होतं. आणि नाही दिली तर तुम्ही म्हणता ते होतं. ज्युरी पुढच्या आठवड्यात आहे, हे सुटलेलं नाही.

पिक्सेलपुशा

'सेलेस्ट' (२०१८) चा असिस्ट मोड बघा. गेम भयंकर अवघड, तेच त्याचं म्हणणं. तरी वेग कमी करायची, न थकता कड्याला धरून राहायची मुभा आहे. सुरू करण्यापूर्वी गेम कसा अनुभवावा अशी इच्छा होती हे सांगतात, आणि मग निवड तुमची. पत्राच्या आधी एक पान टाका. फक्त ते पान कीबोर्डवरून चालतंय ना ते बघा, नाहीतर खालची_ओळ ज्युरीत येऊन बसतील.

कोरा_कॅनव्हास

आधी सूचना देणारं चित्र मी अजून पाहिलेलं नाही. लिंक टाका, बघतो. खेळणार नाही.