खणाच्या वस्तूंच्या ऑनलाइन दुकानासाठी जमवलेले कीवर्ड नीट कसे लावावेत?

खणतोरण (पुणे) :

नमस्कार. मी खणाच्या कापडाची तोरणे, बटवे, पर्स, आकाशकंदील आणि हळदीकुंकवाच्या वाणासाठी लहानसहान वस्तू करते. लग्नसराईत रुखवताच्या ऑर्डरही घेते. भारतातील ग्राहकांसाठी माझे स्वतःचे संकेतस्थळ आहे आणि परदेशातील ग्राहकांसाठी एट्सी या हस्तकलेच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारपेठेवर दुकान आहे. गेल्या वर्षभरात गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमधून, शोधपेटीत आपोआप सुचवल्या जाणाऱ्या शब्दांमधून आणि इतर दुकानांची लिस्टिंग (वस्तूंच्या विक्रीची पाने) वाचून मी भरपूर कीवर्ड, म्हणजे ग्राहक शोधताना लिहितात ते शब्द, जमवले आहेत. परंतु काही वहीत, काही फोनमध्ये आणि काही वेगवेगळ्या शीटमध्ये असल्यामुळे एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि नवे लिस्टिंग लिहायला बसले की नेमका हवा तो सापडत नाही.

त्यात स्पेलिंगची भर आहे. 'खण' हा शब्द रोमन लिपीत कोणी के-एच-ए-एन असा लिहितो, कोणी के-एच-यू-एन असा, तर कर्नाटकातील ग्राहक शेवटी आणखी एक ए जोडतात. पहिल्या स्पेलिंगने नुसते शोधले, तर कापडाऐवजी सिनेनटांची रांग समोर येते.

माझे प्रश्न असे आहेत : ही यादी कोणत्या पद्धतीने लावावी, कोणता शब्द कोणत्या पानाला द्यायचा हे कशावरून ठरवावे, आणि प्लॅनरमध्ये एखाद्या शब्दापुढे दरमहा शोधसंख्या '10 ते 100' एवढीच दिसत असेल, तर तो शब्द सोडून द्यावा का?

जुनी_वही :

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची मांडणी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. कीवर्ड प्लॅनर हे मुळात जाहिरातदारांसाठी तयार केलेले साधन आहे. खात्यातून जाहिरातीवर फारसा खर्च होत नसेल, तर ते नेमका आकडा न देता '10 ते 100' किंवा '100 ते 1 हजार' असे मोघम पट्टेच दाखवते. हाताने वस्तू करणाऱ्या दुकानाला दरमहा हजारो पाहुण्यांची गरज नसते आणि तेवढ्या ऑर्डर आल्याच, तर त्या पुऱ्याही होणार नाहीत. 'पर्स' एवढेच टाइप करणाऱ्या माणसाला काय हवे आहे, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसते; 'हळदीकुंकवासाठी खणाचे बटवे 50 नग' असे शोधणाऱ्या बाईंची वस्तू, निमित्त आणि संख्या मात्र आधीच ठरलेली असते. त्यामुळे छोटा आकडा पाहून शब्द टाकून देऊ नका आणि यादी शोधसंख्येच्या उतरत्या क्रमानेही लावू नका. ती ग्राहकाच्या हेतूनुसार लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष मांडणीसाठी सगळे शब्द एकाच शीटमध्ये आणा आणि एका ओळीत एकच शब्दप्रयोग ठेवा. पहिल्या रकान्यात तो ग्राहक लिहितात तसाच, स्पेलिंगला हात न लावता, उतरवा. त्यापुढे मूळ शब्द, वस्तू, निमित्त, हेतू, शब्द कोठून मिळाला आणि शेवटी तो कोणत्या पानाला दिला, एवढे रकाने पुरेत. 'मूळ शब्द' या रकान्यामुळे तुमची स्पेलिंगची अडचण सुटते : खणाची तिन्ही रोमन रूपे वेगवेगळ्या ओळींत राहतात, पण मूळ शब्दावर फिल्टर लावला की एकत्र दिसतात. प्रत्येक स्पेलिंगसाठी वेगळे पान मुळीच करू नका. सर्वांत रुळलेले रूप वस्तूच्या नावासह शीर्षकात घ्या, म्हणजे 'खण' एकटा न येता 'खण फॅब्रिक टोट बॅग' असा येईल आणि सिनेनट आपोआप बाजूला पडतील. दुसरे रूप वर्णनात एखाद्या वाक्यात सहज आले तरी पुरे.

हेतूचा रकाना कसा भरायचा, हे आकाशकंदिलावरून पाहू. 'आकाशकंदील कसा करायचा' असे विचारणाऱ्याला तो घरी करायचा आहे, 'खणाचा आकाशकंदील ऑनलाइन' म्हणणाऱ्याला विकत घ्यायचा आहे आणि 'आकाशकंदील होलसेल' म्हणणारा बहुधा स्वतःच दुकानदार आहे. तिघांच्या वाक्यांत मुख्य शब्द एकच असला, तरी त्यांना एकाच पानावर आणून उपयोग नाही. पहिल्यासाठी तुम्ही जोडणीचा संच विकत असाल, तर त्या संचाचे पान द्यावे. विकत नसाल, तर एखादा सचित्र लेख लिहिण्याजोगा आहे का ते पाहावे. तिसऱ्यासाठी घाऊक विक्री करायची नसेल, तर शेवटच्या रकान्यात 'नको' असे लिहावे, परंतु ओळ पुसू नये; पुसली, तर पुढच्या दिवाळीला तोच शब्द नव्याने सापडल्याच्या आनंदात तुम्ही पुन्हा जमवाल.

पान ठरवताना एक नियम कसोशीने पाळा : एका पानाला कितीही शब्दप्रयोग चालतील, मात्र एका शब्दप्रयोगाला एकच पान. हा नियम मोडला आहे की नाही, हे सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे तुमचे संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या साधनात, तपासता येते. तेथे एखाद्या शोधशब्दावर टिचकी मारून 'पेजेस' हा टॅब उघडल्यास, त्या शब्दासाठी तुमची कोणकोणती पाने दाखवली गेली ते कळते. दोन तोरणांची पाने आलटून पालटून दिसत असतील, तर त्यांची शीर्षके बहुतेक सारखीच झालेली असतात. शब्दाचा हेतू समजत नसेल, तर ब्राउझरच्या खासगी खिडकीत तो स्वतः शोधून पाहा : वर व्हिडिओ येत असतील, तर लोकांना कृती हवी आहे, दुकानांची पाने येत असतील, तर वस्तू हवी आहे.

सर्च कन्सोलमधील माहिती फक्त 16 महिने राहते. म्हणजे मागच्या दिवाळीची तुलना करता येते, त्याच्या आदल्या दिवाळीची नाही. दर तिमाहीला ती उतरवून त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर ठेवत जा. संकेतस्थळाच्या मागच्या बाजूस असणारा 'मेटा कीवर्ड्स' हा रकाना भरण्यात वेळ घालवू नका. गूगल तो क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केले आहे.

अक्षरगणित :

वरील मांडणी संकेतस्थळासाठी उत्तम आहे, परंतु एट्सीचा हिशेब निराळा असल्यामुळे त्यासाठी त्याच शीटमध्ये आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे अक्षरसंख्येचा. एट्सीवर एका लिस्टिंगला 13 टॅग (शोधासाठी जोडायचे छोटे शब्दप्रयोग) देता येतात आणि प्रत्येक टॅग रिकाम्या जागा धरून जास्तीत जास्त 20 अक्षरांचा असतो. रोमन लिपीत 'दिवाली पेपर लँटर्न' बरोबर 20 अक्षरांत बसते. 'हल्दी कुंकू रिटर्न गिफ्ट' मात्र 23 अक्षरांचे होते, त्यामुळे 'रिटर्न' काढावे लागते. शीटमध्ये अक्षरे मोजणारे एलईएन हे सूत्र लावून 20 च्या वरचे आकडे लाल होतील अशी व्यवस्था केली, तर टॅग भरताना अडखळायला होत नाही.

शिवाय एट्सीवर तुम्ही निवडलेला प्रकार आणि रंग, प्रसंग यांसारखे गुणधर्म हे टॅगसारखेच काम करतात, त्यामुळे तेच शब्द टॅगमध्ये पुन्हा लिहिणे म्हणजे 13 जागांपैकी एखादी वाया घालवणे होय. परदेशातील ग्राहकही दोन तऱ्हेचे असतात. न्यू जर्सीत राहणारी मराठी मुलगी 'तोरण' असेच शोधेल, पण तिच्या गृहप्रवेशाला भेट नेणाऱ्या अमेरिकी मैत्रिणीला तो शब्द ठाऊक नसतो. ती 'इंडियन डोअर हँगिंग' किंवा 'हाउसवॉर्मिंग गिफ्ट' असे काहीतरी लिहिते. दोघींसाठी टॅग वाटून द्यावेत आणि शीटमध्ये 'शोधणारी व्यक्ती कोण' हेही नोंदवावे. माझ्या मते हा रकाना निमित्ताच्या रकान्याइतकाच उपयोगी आहे.

पुढे अ‍ॅमेझॉनवर जायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा : तेथे ग्राहकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांची मर्यादा अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये मोजतात. बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे एकक. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात. देवनागरीतील 'तोरण' 12 बाइटचे, तर रोमन लिपीतील 5 बाइटचे होते. 'आकाशकंदील' तर 27 बाइट खातो.

तिथीपान :

दोघांनीही निमित्ताचा उल्लेख ओझरताच केला आहे. वाण आणि कंदील विकणाऱ्या दुकानाचा तर सगळा व्यवहार निमित्तांवरच चालतो. शीटमध्ये निमित्तापुढे इंग्रजी तारीख लिहून मागच्या वर्षीचेच वेळापत्रक पुढे ओढण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती फसवी आहे. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला गेली. त्यापुढचे दसरा-दिवाळीही तसेच सरकले. संक्रांत सौर गणनेवर असल्यामुळे तिची तारीख जवळपास पक्की असते, परंतु हळदीकुंकू चालते रथसप्तमीपर्यंत, आणि रथसप्तमी तिथीने येते : 2025 मध्ये ती 4 फेब्रुवारीला होती, 2026 मध्ये 25 जानेवारीलाच. वाणाच्या विक्रीचा काळ एका वर्षात दहा दिवसांनी आखडला, हे ज्याने पंचांग उघडले नाही त्याला फेब्रुवारीत उरलेल्या मालावरून कळते.

म्हणून शीटमध्ये तिथी लिहा आणि 'किती आठवडे आधी' असा वेगळा रकाना ठेवा; तारीख दरवर्षी नवे पंचांग पाहून भरा. किती आठवडे आधी, हे गूगल ट्रेंड्सवरून, म्हणजे शब्दाचा शोध काळानुसार कसा चढतो-उतरतो ते दाखवणाऱ्या साधनावरून, ठरवता येते. त्यातील 0 ते 100 हे आकडे प्रत्यक्ष शोधसंख्या नसून त्या काळातील सर्वोच्च बिंदूच्या तुलनेत असतात, त्यामुळे एखादा शब्द किती मोठा आहे यापेक्षा तो केव्हा चढू लागतो हे पाहण्यासाठी ते साधन वापरावे. प्रदेश महाराष्ट्र असा निवडला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. मात्र चढ सुरू झाल्यावर पान लिहायला घेणे म्हणजे उशीरच. नव्या पानाची गूगलने दखल घेण्यात वेळ जातो. त्यामुळे दिवाळीच्या कंदिलाचे पान दरवर्षी नवे करण्यापेक्षा एकच पत्ता कायम ठेवून त्यावरील फोटो आणि मजकूर बदलणे बरे.

शब्द कोठून घ्यावेत, याबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. इतर दुकानांची लिस्टिंग वाचून दुकानदारांची भाषा कळते, ग्राहकांची नाही. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले संदेश एकदा बसून वाचा. दुकानदार 'एथनिक पोटली' लिहितो, तर काकू विचारतात, 'पन्नास रुपयांच्या आत वाणाला देण्यासारखे काय आहे?' या एका वाक्यात किंमत, निमित्त आणि गरज आली. त्यावरून '50 रुपयांच्या आतील वाण' असा स्वतंत्र विभाग करता येतो. असे शब्द प्लॅनरमध्ये अनेकदा शून्य दाखवतात, तरीही ते ठेवावेत.

खणतोरण (पुणे) :

सर्वांचे आभार. 'मूळ शब्द' आणि 'तिथी' हे दोन्ही रकाने आजच घालते आहे. आणखी दोन शंका आहेत. संकेतस्थळावर मराठी शब्द देवनागरीत लिहावेत की रोमन लिपीत? आणि माझ्या काही पर्सना मोराच्या नक्षीचा जरीकाठ आहे. तो यंत्रमागावरचा आहे, पण 'पैठणी पर्स' हा शब्द पुष्कळ शोधला जातो, त्यामुळे तो घेण्याचा सल्ला एका परिचितांनी दिला. तो घ्यावा का?

अक्षरगणित :

लिपीबाबत : फोनवर टाइप करणारे बरेच मराठी लोक रोमन लिपी वापरतात, पण बोलून शोधणाऱ्यांचे शब्द अनेकदा देवनागरीत उमटतात. इंग्रजी पानावर वस्तूचे नाव वर्णनाच्या पहिल्या ओळीत देवनागरीतही द्या. संपूर्ण मराठी पान करायचे असेल, तर किंमत, घरपोच पोहोचवण्याचे नियम आणि परत घेण्याच्या अटीही मराठीतच हव्यात. नुसते शीर्षक मराठी आणि खाली इंग्रजी मजकूर असेल, तर वाचणारी व्यक्ती अर्ध्यावरून परत जाते. यंत्राने केलेले भाषांतर तसेच्या तसे चिकटवू नये, हे वेगळे सांगायला नको.

जुनी_वही :

पैठणीबाबत माझे उत्तर 'घेऊ नये' असे आहे. पैठणी साड्या आणि वस्त्रे यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशातील मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) मिळाले आहे, आणि 1999 च्या कायद्यानुसार अशी नावे वाटेल त्या मालाला लावता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला, तरी व्यवहारही हेच सांगतो : 'पैठणी' शोधत आलेल्या ग्राहकाच्या हाती पॉलिएस्टरचा काठ पडला, तर पर्स परत येते, येण्याजाण्याचा खर्च तुमच्या माथी बसतो आणि खाली शेरा राहतो तो वेगळाच. शीटमध्ये त्या ओळीपुढे 'नको' लिहून कारणही नोंदवा, म्हणजे पुढे मदतीला घेतलेली व्यक्ती तो शब्द पुन्हा उचलणार नाही. त्याऐवजी 'मोर नक्षी जरीकाठ पर्स' अशी खरी माहिती देणारे शब्द घ्या. शोधणारे कमी असतील, पण त्यांना हीच वस्तू हवी असेल.

खणालाही हाच निकष लावा. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डच्या खणाला भौगोलिक मानांकन आहे, आणि बाजारात मिळणारा पुष्कळसा खण यंत्रमागावरचा असतो. कापड घेताना ते हातमागाचे आहे की यंत्रमागाचे, सुती की पॉलिएस्टर, हे व्यापाऱ्याकडून बिलावरच लिहून घ्या. मग 'हातमाग' हा शब्द कोणत्या लिस्टिंगला द्यायचा आणि कोणत्याला नाही, याचा निकाल बिल पाहूनच लागेल.