सुट्टीत व्हिडिओ कॉलवर खेळलेले घरगुती खेळ : आपले अनुभव लिहा

दिवाळी, गणपती किंवा मे महिन्याची सुट्टी आली, की सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत माणसांची वाट पाहिली जाते, आणि त्यातली निम्मी माणसे येऊ शकत नाहीत. कोणी पुण्यात किंवा बंगळुरूला नोकरीत अडकलेले असते, कोणी परदेशात असते. मग व्हिडिओ कॉल होतो. 'जेवण झाले का', 'थंडी पडली का', 'गुडघा कसा आहे' एवढे विचारून झाले, की पाच-सात मिनिटांत दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे नुसती पाहत बसतात आणि लहान मुले पडद्यासमोरून हळूच उठून जातात. आमच्या घरी ही अडचण खेळांमुळे दूर झाली. तुमच्याही घरी असे काही खेळ रुजले असतील, तर ते येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. केवळ खेळाचे नाव लिहू नये. किती जण होते, कोठे अडले, वडीलधाऱ्यांना आणि मुलांना जमावे म्हणून नियमांत काय बदल केला, हे लिहिले तर दुसऱ्या घरांना त्याचा खरा उपयोग होईल. सुरुवात माझ्यापासून करते.

सातारा, शाहूपुरी

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत राहतो. २०२४ साली भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी आली होती. आमच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे त्याच्याकडे सकाळचे साडेदहा, हा हिशेब आम्हाला पाठ होता. आरतीचे ताट तयार होते, हाउजीची तिकिटे वाटून झाली होती आणि ऐंशी वर्षांचे बाबा स्वेटर घालून खुर्चीत बसले होते. पण पलीकडून फोन लागेना. नेमक्या त्याच पहाटे अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे गेली होती, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. भाऊ साडेदहालाच बसला, पण तोवर आमच्याकडे नऊ वाजले होते आणि बाबांना झोप लागली होती. तेव्हापासून आम्ही वेळ नेहमी भारताच्या घड्याळाप्रमाणे ठरवतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आदल्या दिवशी एकदा पडताळून पाहतो.

हाउजी मात्र त्या रात्रीही खेळलो, आणि आता प्रत्येक दिवाळीला खेळतो. तिकिटे मीच कागदावर आखते : तीन ओळी, नऊ रकाने, प्रत्येक ओळीत पाच आकडे. त्यांचे फोटो आदल्या दिवशी सर्वांना पाठवते. बाबांचे तिकीट दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे बोटभर उंचीच्या आकड्यांत लिहिते आणि आकडा झाकायला त्यांना तुरीचे दाणे देते. पुकारा मी मराठीत करते. पहिल्या वर्षी मी 'एकोणसाठ' म्हटले, आणि अकरा वर्षांच्या भाच्याने एकसष्ट खोडून 'जल्दी पाच' (सर्वांत आधी पाच आकडे झाले, असे) पुकारले. तिकीट तपासताना ही चूक उघडकीस आली आणि त्याचा चेहरा उतरला. तेव्हा बाबांनी खेळ थांबवला, सहा बोटे पडद्यासमोर धरली आणि त्याला सांगितले, की 'एकोण' म्हणजे एक उणा. साठाला एक उणा तो एकोणसाठ, सत्तराला एक उणा तो एकोणसत्तर. भाच्याने लगेच एकोणतीसपासून एकोणऐंशीपर्यंत सगळे आकडे मोजून दाखवले. त्यानंतरच्या दिवाळीत पुकाऱ्याचे काम त्यानेच मागून घेतले. 'सत्याऐंशी' आणि 'अठ्ठ्याऐंशी' म्हणताना तो अजून अडखळतो, पण मदत घेत नाही.

सांगली, गावभाग

ताईंनी बोलावले म्हणून लिहिते आहे. आमच्याकडे गावांच्या भेंड्या चालतात. साहित्य काहीच लागत नाही आणि माझ्यासारख्या कमी दिसणाऱ्या बाईलाही पूर्ण भाग घेता येतो, म्हणून हा खेळ मला सर्वांत जवळचा वाटतो. आमच्या घरात मी, माझी सून, पुण्यातली मुलगी आणि जर्मनीत शिकणारा नातू असे चौघे खेळतो.

सुरुवातीला मोठी पंचाईत होत असे. 'सातारा' म्हटले की 'र' येतो, त्यावर कोणी 'रहिमतपूर' म्हणते, पुन्हा 'र', मग 'राजापूर', पुन्हा 'र'. आपल्याकडे इतकी गावे 'पूर'वर संपतात, की दहा मिनिटांत 'र'ची सगळी गावे संपून जात आणि खेळ तेथेच बसत असे. शेवटी मुलीने तोडगा काढला, की नाव 'पूर'वर संपले तर 'प' धरायचा. आता 'कोल्हापूर' आले की 'पलूस' येते, त्यावर 'सांगली', त्यावर 'लातूर', आणि खेळ तासभर सहज चालतो. दुसरा नियम माझा आहे : जो गावाचे नाव घेईल, त्याने त्या गावाबद्दल एक तरी गोष्ट सांगायची. एकदा सुनेने 'नाशिक' म्हटले, नातवाने 'कार्ल्सरुहे' हे तिकडचे शहर सांगितले आणि 'ह' माझ्या वाट्याला आला. मी 'हरिपूर' म्हटले. मग हरिपुरात कृष्णा आणि वारणा कशा भेटतात, लहानपणी आम्ही संगमेश्वराच्या यात्रेला चालत कसे जात होतो आणि परतताना पाय दुखले की वडील कोणाला खांद्यावर घेत, हे सगळे सांगण्यात अर्धा तास गेला. भेंड्या राहूनच गेल्या. नातू म्हणाला, "आजी, यातले एकही तू मला कधी सांगितले नव्हतेस." खरे आहे, कोणी 'ह'वरून गाव विचारले नव्हते, म्हणून मला ते आठवलेच नव्हते.

कराड

आम्ही बंगळुरूच्या चुलतभावाच्या घराबरोबर चल्लस आठ खेळतो. पंचवीस घरांचा पट, चार कवड्या. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. खडूने असाच पट दोन्ही घरी फरशीवर आखायचा, प्रत्येकाने कवड्या आपापल्या घरी टाकायच्या आणि सोंगट्या दोन्ही पटांवर सारख्याच हलवायच्या, अशी आमची पद्धत आहे.

पहिल्याच डावात घोटाळा झाला. अर्ध्या तासाने दोन्हीकडचे पट जुळेनात. आमच्या पटावर जी सोंगटी मेली होती, ती त्यांच्याकडे मध्याच्या घराजवळ पोचली होती. दोन्हीकडचे लोक आपलाच पट बरोबर म्हणू लागले, आवाज चढले आणि काकांनी पट पुसून टाकला. त्यानंतर आम्ही उभ्या रांगांना क, ख, ग, घ, ङ आणि आडव्या रांगांना एक ते पाच अशी नावे दिली. आता सोंगटी हलवणारा 'माझी ख तीनवरून ग तीनवर' असे मोठ्याने सांगतो, आणि पाच-पाच खेळ्या झाल्या की दोन्ही पट पडताळतो. बुद्धिबळाच्या खेळ्या लिहितात त्याच धर्तीची ही सोय आहे.

फोन कसा ठेवायचा, हे विचारले जाईल म्हणून आधीच लिहितो. एकाच उंचीचे दोन मोठे स्टीलचे डबे घ्यावेत, त्यांवर दोन लाकडी पट्ट्या थोडी फट ठेवून आडव्या टाकाव्यात, आणि मागचा कॅमेरा फटीत येईल असा फोन पडदा वर करून त्यांवर ठेवावा. खाली पितळी ताट ठेवून कवड्या ताटात टाकाव्यात, म्हणजे त्या लांब घरंगळत नाहीत आणि आवाजही पलीकडे छान ऐकू जातो. समोरच्याने दान मोठ्याने सांगेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, हा नियम काकांचा आहे आणि तो कोणीही मोडत नाही. चेहरे दिसावेत म्हणून दुसरा फोन भिंतीला टेकवून ठेवतो.

मिरज

आमच्या घरात तंतुवाद्यांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. मुलगी टोरांटोला असते आणि तिची नऊ वर्षांची मुलगी मराठी समजते, पण बोलायला संकोचते. म्हणून मी 'आवाज ओळखा' हा खेळ काढला. मी कॅमेरा भिंतीकडे वळवून एकेक वस्तू वाजवतो आणि नातीने ओळखायचे. मग तिने तिच्या घरातली वस्तू वाजवायची आणि मी ओळखायचे. देवघरातली घंटा तिने लगेच ओळखली. अडकित्त्याने सुपारी कातरल्याचा आवाज तिला स्टेपलरसारखा वाटला. खलबत्ता तिने कधी पाहिलाच नव्हता, म्हणून तो कॅमेऱ्यासमोर आणून त्यात वेलदोडे कुटून दाखवले.

अडचण तंबोऱ्याची आली. मी तारा छेडत होतो आणि ती 'आजोबा, काहीच ऐकू येत नाही' म्हणत होती. पंख्यासारखा एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे समजून कॉलचे अॅप तो आपोआप दाबून टाकते, हे मला कामावरच्या एका मुलाने समजावले. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड'ची सोय आहे. ती चालू केल्यावर तंबोरा जसाच्या तसा पोचला. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, खुलते आणि तार गुंजू लागते. दोरा काढला की तीच तार कोरडी बोलते. आता नात डोळे मिटून 'दोरा आहे' किंवा 'दोरा नाही' असे सांगते, आणि दहापैकी नऊ वेळा तिचे बरोबर येते. आमच्या कारखान्यात नव्या मुलाला हे कळायला काही महिने जातात.

एक इशारा देतो : दोन्हीकडून एकत्र गाण्याचा प्रयत्न करू नये. आवाज पोचायला थोडा उशीर लागतो, त्यामुळे ताल जुळत नाही आणि लहान मुले हिरमुसतात. एकाने ओळ म्हणावी, ती संपल्यावर दुसऱ्याने पुढची म्हणावी.

विटा

आमचे खेळ झूमवर होतात. विनामूल्य खात्यावर कॉल चाळीस मिनिटांनी बंद होतो, म्हणून आम्ही चाळीस मिनिटांत संपेल एवढाच डाव आखतो. मुलांना अजून खेळायचे असतानाच खेळ थांबतो, आणि पुढच्या रविवारी ती आपणहून वेळेवर येऊन बसतात.

सांगली, विश्रामबाग

माझी बहीण सिडनीत असते. तिची मुले आणि माझी मुले 'वस्तू शोधून आणा' खेळतात : पिवळी वस्तू, आजोबांपेक्षा जुनी वस्तू, वासावरून ओळखता येणारी वस्तू. 'पिवळी वस्तू' म्हटल्यावर माझी लेक हळकुंड घेऊन आली आणि सांगलीच्या हळदीच्या बाजारातली सगळी हकीकत माझ्या वडिलांनी भाच्यांना ऐकवली. मात्र गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात आईच उठून धावली आणि सतरंजीत पाय अडकून पडली. सुदैवाने मुका मार लागला, पण पलीकडे बहिणीला पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची दिसत होती आणि आमची धावपळ ऐकू येत होती. ती पाच मिनिटे तिला किती जड गेली असतील, याची आजही कल्पना करवत नाही. आता साठीपुढच्यांनी फक्त वस्तू सुचवायची आणि मुलांनी आणायची, असा आमचा पक्का नियम आहे. खेळापूर्वी सतरंजीही गुंडाळून ठेवतो.

फलटण

सर्वांचे वाचून आनंद झाला. एका गोष्टीवर मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. अनेक घरे मोबाईलवरचा ल्युडो खेळतात, आम्हीही खेळलो. पण त्यात प्रत्येकाची नजर आपापल्या सोंगटीवर खिळते आणि समोरच्याचा चेहराच दिसत नाही. म्हणून आम्ही ते सोडून पत्त्यांचा खेळ बसवला. मेंढीकोट किंवा रमी जमत नाही, कारण एकाच जोडातली पाने दोन घरांत वाटता येत नाहीत. भिकार-सावकार मात्र उत्तम जमतो. दोन्ही घरांत पूर्ण जोड असावा लागतो. एका घराने लाल पाने खेळात घ्यावीत आणि काळी बाजूला ठेवावीत, दुसऱ्याने उलट करावे. पिसून एकेक पान कॅमेऱ्यासमोर टाकत जावे. ज्याने गड्डी जिंकली, त्याने समोरच्याची गेलेली पाने आपल्या बाजूला ठेवलेल्या पानांतून उचलावीत, आणि हरलेल्याने आपली पाने बाजूला काढावीत. हिशेब एका पानाचाही चुकत नाही. माझी सहा वर्षांची नात यातूनच गुलाम, राणी, राजा ओळखायला शिकली.

सातारा तालुका

माझे यजमान सैन्यात आहेत. त्यांच्या ठिकाणी व्हिडिओ कॉल क्वचितच लागतो, लागला तरी चित्र गोठते. मागच्या दिवाळीत तीन वेळा प्रयत्न करूनही चेहरा दिसला नाही, तेव्हा मुलगा रडू लागला. सासूबाईंनी त्याला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "आपण बाबांना कोडे घालू." त्यांनी माझ्या फोनवर आपल्या आवाजात कोडे सांगितले, "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे", आणि आम्ही तो आवाजी निरोप पाठवून दिला. रात्री उशिरा उत्तर आले : "दात आणि जीभ. आई, हे तू मला शाळेत जाताना घातले होतेस." दुसऱ्या दिवशी मुलाने "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब" पाठवले, त्याचे उत्तर, मक्याचे कणीस, त्यांच्याबरोबरच्या जवानांनी मिळून दिले आणि मागून सगळ्यांचे हसणे ऐकू आले.

तिसरे कोडे सासूबाईंनी मुद्दाम निवडले : "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया." दोन दिवस उत्तर नाही. मुलगा दर तासाला फोन हातात घेऊन बघत होता. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर निरोप आला. आवाज अगदी हळू होता, मागे वारा वाजत होता. ते म्हणाले, "पहाऱ्यावर उभा होतो, वर पाहिले आणि सुचले. चांदण्या आणि चंद्र. बाळा, आत्ता अंगणात जाऊन बघ, रुपया तिथेही आहे का ते मला कळव."