इटालियन पदव्यांचं इंग्रजी करावं की तशाच ठेवाव्यात?

कागदी_घोडे:
इटालियन कागदपत्रं इंग्रजीत आणणं हा माझा रोजचा धंदा. माझं मत सांगतो, मग तुटून पडा: पदवीच्या नावाला हात लावू नये. 'लाउरेआ' तशीच लिहावी आणि पुढे वर्षं, क्रेडिट द्यावीत. १९९९च्या सुधारणेआधी लाउरेआ चार ते सहा वर्षांची असायची. नंतर तेच नाव तीन वर्षांच्या, १८० क्रेडिटच्या पदवीला चिकटलं. सरसकट 'बॅचलर' ठोकलं की १९९२ साली पाच वर्षं घासून इंजिनिअर झालेला माणूस फुकटचा एक पायरी खाली येतो. खुद्द इटलीनं २००९च्या आदेशात सरकारी भरतीसाठी जुनी लाउरेआ नव्या 'माजिस्त्राले'च्या, म्हणजे लाउरेआनंतरच्या दोन वर्षांच्या, १२० क्रेडिटच्या पदवीच्या, बरोबरीची धरलीय.

व्यवहारी:
जुन्यांचं मान्य. पण आज अर्ज करणारी बहुतेक पोरं नव्या पद्धतीतली. युरोपीय देशांचा बोलोन्याचा जाहीरनामा झाला तोच युरोपभर पायऱ्या जुळाव्यात म्हणून. इटलीतली विद्यापीठं स्वतःच्या इंग्रजी पानांवर बिनदिक्कत बॅचलर, मास्टर लिहितात आणि तुम्ही सोवळं पाळताय!

काळाकोट:
कायद्याची पदवी घ्या. सलग पाच वर्षं, ३०० क्रेडिट, आधी बॅचलर नाहीच. नाव 'माजिस्त्राले' म्हणून 'मास्टर ऑफ लॉ' केलं की वाचणारा एलएलएम समजतो. बॅचलर लिहिलं तर दोन वर्षं गायब. आता बोला.

तोरिनोकर:
मी पुण्यातून बीई करून इथे इटलीत माजिस्त्रालेला आलो. शेजारच्या आजींना कौतुकानं सांगितलं, 'मास्टर करतोय.' त्या म्हणाल्या, 'म्हणजे वर्षभरात परत जाणार?' कारण इथे 'मास्टर' म्हणजे लाउरेआनंतरचा साधारण वर्षाचा, ६० क्रेडिटचा वेगळाच कोर्स. शिवाय तीन वर्षांची लाउरेआ झाली की माणूस 'दोत्तोरे'. हे घरी कळवू नका, आई गल्लीभर डॉक्टर म्हणून पेढे वाटेल.

व्यवहारी:
कागदीभाऊ, इथेच तुमचा नियम फसतो की! नाव तसंच ठेवायचं, तर इटालियन कागदावरचं 'मास्टर'ही तसंच राहणार. लंडनचा माणूस ते वाचून काय समजेल?

कागदी_घोडे:
म्हणून तर पुढे क्रेडिट लिहा म्हणतोय! साठ की एकशेवीस, दिसतं लगेच. समकक्षता ठरवणं भाषांतरकाराचं कामच नाही, त्यासाठी रोमला 'चिमेया' नावाची संस्था आहे.

व्यवहारी:
चिमेयाचा दाखला येईपर्यंत अर्जाची मुदत टळली तर? फॉर्मच्या यादीत लाउरेआ नसतेच. पदवीच्या ओळीत बॅचलर येऊ द्या, बाकीचं तळटिपेत घाला.

कागदी_घोडे:
फॉर्म उमेदवारानं भरावा, त्याला हवं ते निवडू दे. माझा शिक्का भाषांतरावर असतो. आणि तळटीप वाचतो कोण?