जांघेतील आणि गुप्तांगावरील केस प्रथमच काढायचे आहेत: सुरक्षित पद्धत कोणती?

प्रश्न (चोपडा तालुका, सध्या जळगाव)

नमस्कार. माझे वय २६ आहे आणि नोकरीनिमित्त मी जळगावात मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की जांघेत दिवसभर घाम साचतो, खाज सुटते आणि पाळीच्या दिवसांत पॅडमुळे ती आणखी वाढते. त्यामुळे तेथील केस काढावेत असे वाटू लागले आहे. घरी आईशी किंवा वहिनीशी हा विषय काढता येत नाही आणि मैत्रिणींपैकी एक क्रीम वापरायला सांगते, दुसरी रेझर, तर तिसरी पार्लरमध्ये जाऊन वॅक्स करायला. पहिल्यांदाच करणारीने कोठून सुरुवात करावी, आणि एकदा केस काढले की ते पुढे दाट व राठ येतात हे खरे आहे का, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ (परिचारिका, धुळे)

ताई, प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते: हे केस काढणे आरोग्यासाठी आवश्यक नाही. कपड्यांचे आणि चालण्याचे घर्षण ते झेलतात, आणि स्वच्छता राखण्यासाठी बाहेरील भाग रोज साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. सुगंधी साबण तेथे वापरू नये आणि योनीच्या आत तर काहीच लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये बाळंतपणापूर्वी हे केस सरसकट काढू नयेत, आणि २०१६ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी शक्यतो काढूच नयेत, काढावेच लागले तर वस्तऱ्याऐवजी क्लिपरने (केस कापण्याच्या यंत्राने) कापावेत, असे सांगितले आहे. कारण वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा होतात आणि त्यांतून जंतू आत शिरतात.

म्हणूनच पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकीला मी ट्रिमर सुचवते. ३ मिलिमीटरचे गार्ड (पात्यावर बसणारी कंगव्यासारखी टोपी) लावून कोरड्या केसांवर तो हळूहळू फिरवला की केस आखूड होतात, घाम लवकर वाळतो आणि त्वचेला पाते लागत नाही. तुमची अडचण घामाची आहे आणि ती एवढ्याने बरीच कमी होईल. ट्रिमर स्वतःचाच असावा, खोलीतील कोणाशीही वाटून घेऊ नये. रेझरच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा, कारण पात्यावर राहिलेल्या रक्तातून काविळीचे ब आणि क हे विषाणू पसरू शकतात.

तरीही पूर्ण साफ करायचे असेल तर आधी केस ट्रिमरने आखूड करावेत, अंघोळीत कोमट पाण्याने चार-पाच मिनिटे मऊ होऊ द्यावेत, सुगंध नसलेले शेव्हिंग जेल लावावे आणि नव्या धारदार पात्याने केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, दाब न देता काढावेत. त्वचा एका हाताने अलगद ताणून धरावी. फार घट्ट ताणली तर केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, पुन्हा वाढताना आतच वळतो आणि तेथे केसतूड होते. एकाच जागी पुन्हा पुन्हा पाते फिरवणे टाळावे. नंतर पाण्याने धुऊन टॉवेलने टिपावे, घासू नये, आणि सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे. तुरटी फिरवण्याची सवय पुष्कळांना असते, परंतु या नाजूक जागी ती खूप झोंबते.

केस दाट येतात ही समजूत चुकीची आहे. पात्याने कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला राठ लागतो. मुळावर त्याचा परिणाम होत नाही.

उत्तर २ (पार्लर चालवते, भुसावळ)

वरील ताईंचे म्हणणे मला पटते. क्रीमविषयी थोडे लिहिते, कारण आमच्याकडे येणाऱ्या मुलींना ते सर्वांत सोपे वाटते. या क्रीममधील थायोग्लायकोलेट हे रसायन केसातील केराटिन नावाचे प्रथिन विरघळवते आणि त्वचेच्या वरच्या थरातही केराटिन असते, त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवले तर त्वचा भाजू शकते. क्रीम जांघेच्या बाहेरील भागापुरतेच, तेही त्या भागासाठी असल्याचे डब्यावर लिहिले असेल तरच वापरावे. आतील नाजूक पाकळ्या आणि गुदद्वाराजवळचा भाग पूर्णपणे टाळावा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून २४ तास वाट पाहावी, आणि ज्या दिवशी रेझर फिरवला त्या दिवशी क्रीम लावू नये.

वॅक्ससाठी केस साधारण ६ मिलिमीटर वाढलेले असावेत. पार्लरमध्ये गेल्यावर नवी पट्टी आणि नवी काडी घेतात का, एकदा अंगाला लागलेली काडी पुन्हा वॅक्सच्या भांड्यात बुडवतात का, हे न लाजता विचारावे. विचारल्यावर नाराज होणारे पार्लर सोडून द्यावे. पाळीच्या आधीच्या आणि पाळीच्या दिवसांत बऱ्याच जणींना दुखणे अधिक जाणवते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्स करू नये. त्वचा सोलवटून निघते.

पुन्हा प्रश्नकर्ती

दोघींचेही मनापासून आभार. ट्रिमरनेच सुरुवात करीन. मात्र सध्या जांघेत एक गोल, कडांना लालसर चट्टा आहे आणि औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावले की खाज थांबते व काही दिवसांनी परत येते. अशा वेळी केस काढले तर चालेल का?

उत्तर (परिचारिका, धुळे)

नाही, चट्टा बरा होईपर्यंत तेथे ट्रिमरही फिरवू नका. वर्णनावरून तो नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, असावा असे वाटते. खात्री डॉक्टर पाहिल्यावरच होईल. दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज तात्पुरती दबते, बुरशी मात्र पसरत जाते आणि जांघेची त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उमटतात. खानदेशच्या उन्हात घट्ट जीन्स आणि सिंथेटिक अंतर्वस्त्रे घालून दिवसभर वावरणाऱ्या तरुण मुलामुलींमध्ये हे मी सतत पाहते आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण वेळेवर योग्य औषध घेतले तर हा आजार बरा होतो. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात जा, लावत असलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या, आणि स्त्री डॉक्टरकडून तपासून घ्यायचे असेल तर तसे आधीच सांगा.

प्रश्न (अमळनेर)

मी पुरुष आहे आणि मला मधुमेह आहे. अंडकोशावरील केसांसाठी हेच नियम लागू होतात का?

उत्तर (परिचारिका, धुळे)

दादा, अंडकोशाची त्वचा पातळ आणि सुरकुतलेली असते, त्यामुळे तेथे क्रीम आणि वॅक्स दोन्ही नको आणि रेझरही टाळावा. गार्ड लावलेल्या ट्रिमरनेच, बसून आणि चांगल्या उजेडात केस आखूड करावेत. साखर नियंत्रणात नसताना लहानशी जखमही चिघळू शकते. लाली पसरू लागली, पू आला, ताप आला किंवा त्या भागात सूज येऊन असह्य दुखू लागले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.